आणीबाणीतलं मोर्स: पहिल्या अक्षरापासून पहिल्या संदेशापर्यंत

अनेक देशांत हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेत मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची सांकेतिक लिपी, राहिलेलं नाही, मग ते शिकायचं कशाला, असं नवे हॅम (हौशी रेडिओचालक) हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्‌झच्या खालच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) मोर्सची सक्ती ठेवायची की नाही हे ज्या त्या देशावर सोपवलं, आणि अमेरिकेने २००७ मध्ये ती पुरती काढून टाकली. त्याआधीच, १ फेब्रुवारी १९९९ पासून, जहाजांची संकटकालीन यंत्रणा उपग्रहांवर आणि स्वयंचलित इशाऱ्यांवर गेली होती. व्यावसायिक जगातून मोर्स गेलं ते असं. हौशी रेडिओवर मात्र ते रोज ऐकू येतं, आणि आणीबाणीत त्याला अजूनही काम आहे.

ते काम कुठलं, आणि शून्यापासून सुरुवात करून तिथवर कसं पोचायचं, ते इथे क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आणीबाणीत मोर्सचालकाची परीक्षा होते ती त्याने किती बिनचूक मजकूर पोचवला यावर. वेगाचा विचार त्यानंतर.

मोर्सची जागा कुठे, आधी हे ओळखा

आपत्तीच्या जागी हौशी चालक करतात त्यातलं बरंचसं काम हातातल्या, जवळच्या अंतराच्या व्हीएचएफ सेटवर, साध्या बोलण्यातून होतं. रुग्णवाहिका इकडे वळवा, तिकडे पंप पाठवा, असल्या क्षणाक्षणाच्या सूचना मोर्सवर द्यायला जाऊ नका. लांबलचक याद्या आणि तक्ते पाठवायचे असतील तर विनलिंकसारखी, रेडिओवरून ईमेल पाठवणारी डिजिटल व्यवस्था बरी. मोर्सची पाळी येते ती सिग्नल क्षीण असताना, बॅटरी पुरवून वापरायची असताना आणि कानावर गोंगाट आदळत असताना. शिवाय अंतर असं असतं की व्हीएचएफ पोचत नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बोलण्याचा एसएसबी (हौशी रेडिओवरची बोलण्याची नेहमीची पद्धत) सिग्नल सुमारे अडीच हजार हर्ट्‌झ जागा घेतो, म्हणून रिसीव्हरला तेवढी खिडकी उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्या रुंदीचा सगळा गोंगाट आत येतो. मोर्स अडीचशे हर्ट्‌झच्या फिल्टरमधून आरामात ऐकता येतं. खिडकी दहापट अरुंद झाली की आत येणारा गोंगाटही दहापट कमी होतो, म्हणजे १० डेसिबलचा फायदा. त्याच गोंगाटात बोलण्याला ५० वॅट लागत असतील तर मोर्सला ५ वॅटवर भागतं, असा हा ढोबळ हिशेब आहे. त्यापुढचं काम सरावलेला कान करतो. गोंगाटात बुडालेला एकच सूर वेगळा काढण्यात माणसाचा कान फार तरबेज असतो.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. पलीकडे मोर्स घेणारा कोणी नसेल तर तुमचं कौशल्य कामाचं नाही. म्हणून मोर्स एकट्याने शिकू नका. निदान एक जोडीदार गाठा.

पहिली पायरी: कान

मोर्सचा तक्ता भिंतीवर लावू नका. टिंब आणि रेघा डोळ्यांनी पाठ करणारा माणूस पुढे प्रत्येक अक्षराला मनातल्या मनात टिंबं मोजत बसतो. मिनिटाला दहाएक शब्दांच्या आसपास तो अडकतो आणि ती सवय मोडायला फार कष्ट पडतात. अक्षर म्हणजे एक आवाज, एवढंच डोक्यात बसलं पाहिजे. टिंबाचा आवाज डि किंवा डिट, रेघेचा डाह. ‘के’ म्हणजे डाह-डि-डाह आणि ‘एम’ म्हणजे डाह-डाह. आवाज ऐकला की हाताने अक्षर लिहिलं पाहिजे, मधे विचार नको.

त्यासाठी कोख पद्धत धरा. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ती मांडली. पहिल्या दिवसापासून अक्षरं पूर्ण वेगाने, म्हणजे मिनिटाला अठरा-वीस शब्दांच्या वेगाने ऐकायची, पण सुरुवातीला फक्त दोनच. प्रथेप्रमाणे ती ‘के’ आणि ‘एम’. दहातली नऊ अक्षरं बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं, मग चौथं. याला फार्न्सवर्थ पद्धतीची जोड द्या. अक्षराचा आवाज वेगवानच ठेवायचा, पण दोन अक्षरांमधली जागा सैल सोडायची, म्हणजे लिहायला वेळ मिळतो. एलसीडब्ल्यूओ या मोफत संकेतस्थळावर हे सगळं तयार आहे. अमेरिकेतल्या न्यूइंग्टनहून एआरआरएल या हौशी संघटनेचं डब्ल्यू१एडब्ल्यू हे केंद्र वेगवेगळ्या वेगांवर सरावाचा मजकूर नेमाने प्रक्षेपित करतं. तुमच्याकडे अजून रेडिओ नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर, ब्राउझरमधून उघडा आणि ७ मेगाहर्ट्‌झच्या सुरुवातीच्या भागात फिरवत राहा. खरा सिग्नल कसा चढतो, उतरतो, खरखरतो ते कानाला कळतं. सरावाच्या ॲपमधला सूर फार स्वच्छ असतो, आणीबाणीत तसा सूर मिळत नाही.

रोज पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. रविवारी बसून सलग तीन तास केले तर त्याने काही साधत नाही. आकड्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. गप्पांमध्ये आकडे कमी येतात, म्हणून बहुतेकांचे ते कच्चे राहतात. आणि आपत्तीच्या संदेशात तर आकडेच भरलेले असतात: वेळ, तारीख, रुग्णांची संख्या, औषधाची मात्रा.

दुसरी पायरी: हात

कान वीस-पंचवीस अक्षरांना सरावल्याखेरीज ‘की’, म्हणजे मोर्स पाठवायची कळ, हातात घेऊ नका. चांगला ताल कानात बसण्याआधी पाठवायला लागलं तर हाताला जे वळण लागतं ते पुढे सुटता सुटत नाही.

ताल असा आहे. डिटची लांबी एक माप धरली तर डाह तीन मापांचा. एका अक्षराच्या आतल्या खुणांमध्ये एक माप शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मिनिटाला १० शब्दांच्या वेगात एक माप म्हणजे सेकंदाचे १२० सहस्रांश, आणि २० शब्दांत ६०. नवा चालक डिट-डाह बरे पाठवतो, पण शांततेत चुकतो. ‘ए’ म्हणजे डि-डाह आणि ‘एन’ म्हणजे डाह-डिट. ही दोन अक्षरं एकामागोमाग पाठवताना मधली जागा खाल्लीत की पलीकडच्याला डि-डाह-डाह-डिट ऐकू येतं, आणि तो ‘पी’ लिहितो. त्याची काही चूक नसते. म्हणून पाठवताना सगळं लक्ष मोकळ्या जागांवर ठेवा.

वर-खाली दाबायची साधी सरळ की घ्यावी, की बाजूने दाबायचं पॅडल? माझं मत असं की शिकायला पॅडल घ्या, कारण त्यातली इलेक्ट्रॉनिक जोडणी डिट-डाहची मापं अचूक ठेवते आणि मनगट थकत नाही. पण सरळ कीवरही आठवड्यातून एकदा हात चालवा. पॅडलची नाजूक जोडणी बिघडली तर सरळ कीवर काम होतं, आणि तीही नसेल तर वायरीची दोन उघडी टोकं एकमेकांना टेकवूनसुद्धा मजकूर जातो. चूक झाली तर आठ डिट पाठवायचे आणि चुकलेला शब्द सुरुवातीपासून पुन्हा द्यायचा. घाईघाईने पुढे जायचं नाही.

वेगाबद्दल एकच नियम आहे: घेणारा लिहू शकेल तेवढाच. मिनिटाला दहा-बारा शब्द बिनचूक जमले की आणीबाणीच्या कामाला पुरतात. पलीकडून ‘क्यूआरएस’ आलं, म्हणजे हळू पाठवा, तर लगेच वेग उतरवा. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

तिसरी पायरी: पिशवी

आणीबाणीत न्यायच्या पिशवीत पहिला विचार विजेचा. लहान ५ वॅटचा मोर्स सेट प्रक्षेपण करताना साधारण १ अँपिअर खातो, आणि नुसतं ऐकताना ०.१ च्या आसपास. १०० वॅटचा मोठा सेट पूर्ण शक्तीला २० अँपिअर मागतो. आता १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी धरा. चोवीस तास ऐकत राहिलात तर २.४ अँपिअर-तास गेले. दिवसभरात दोन तास पाठवलंत, तर त्या दोन तासांतली की निम्म्याहूनही कमी वेळ दाबलेली असते. मोर्सचा वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द वापरतात. तो ५० मापांचा असतो आणि त्यातल्या फक्त २२ मापांत वाहक लहर चालू असते. म्हणजे दोन तासांना आणखी एक अँपिअर-तास. एकूण साडेतीनच्या आत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये म्हणतात. त्या मर्यादेतही पूर्ण दिवस निघतो. पुढच्या दिवसांसाठी छोटं सौर पॅनेल ठेवा, पण त्याचा चार्ज कंट्रोलर रिसीव्हरमध्ये किती गोंगाट घालतो ते घरीच तपासा. काही कंट्रोलर इतके वाईट असतात की ऐकताना पॅनेल काढूनच ठेवावं लागतं. जनरेटर आणि इन्व्हर्टर यांचंही तेच.

अँटेनाला साधा वायरचा डायपोल, म्हणजे मधे जोडलेल्या दोन सारख्या लांबीच्या तारा, पुरतो. एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा. ७.०३० साठी ती २० मीटर ३४ सेंटिमीटर येते, म्हणजे एक बाजू १० मीटर १७ सेंटिमीटर. थोडी जास्त कापा आणि मोजत मोजत आखूड करा. इथे नवे चालक एका गोष्टीला बिचकतात: डायपोल उंच नसेल तर? आणीबाणीत चार-पाच मीटर उंचीवरची वायरच कामाची असते. ती लहरी जवळजवळ सरळ वर फेकते, त्या लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून आजूबाजूच्या दोन-चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात उतरतात, आणि मदत बहुधा याच पट्ट्यातून यायची असते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झ आणि रात्री ३.५ हा साधा नियम धरून चला. वायर टाकताना विजेच्या तारांपासून लांब राहा. वीज गेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं कधीही गृहीत धरू नका.

पिशवीत आणखी काय? पेन्सिली, पेन नव्हे, कारण भिजलेल्या कागदावर पेन चालत नाही. कोऱ्या संदेशांचे कागद, हेडफोन, हाताला लागेल असं घड्याळ, कपाळाला बांधायचा दिवा, जादा फ्यूज. मोर्स आपोआप वाचून दाखवणारी ॲप मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मशीनने पाठवलेला जोरदार सिग्नल ती छान वाचतात. थकलेल्या हाताने पाठवलेला क्षीण सिग्नल आला की पडद्यावर ‘ई’ आणि ‘टी’ यांची रांग लागते.

बँड उघडा आहे का, म्हणजे सिग्नल दूरवर पोचतो का, हे बघायला एनसीडीएक्सएफ या हौशी संस्थेचे बीकन, म्हणजे आपोआप सूर पाठवणारी केंद्रं, ऐका. १४.१०० मेगाहर्ट्‌झवर जगभरातली अठरा केंद्रं आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र आधी आपलं कॉलसाइन (ओळखीची अक्षरं) देतं आणि मग एकेका सेकंदाचे चार सूर: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि शेवटचा ०.१ वॅट. चौथा सूर ज्या दिवशी समुद्रापलीकडून ऐकू येतो, त्या दिवशी कमी शक्तीबद्दलची शंका उरत नाही.

चौथी पायरी: संदेश

सगळ्यात जास्त सराव इथे करा. गप्पा मारता येणं आणि संदेश पोचवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

औपचारिक संदेशाचा साचा ठरलेला असतो. आधी क्रमांक, मग निकड, मग संदेश जिथून निघाला त्या केंद्राचं कॉलसाइन, मजकुरातल्या शब्दांची संख्या, ठिकाण, वेळ, तारीख. त्यानंतर कोणाला, मग मजकूर, शेवटी कोणाकडून. मजकुराच्या आधी आणि नंतर ‘बीटी’ ही खूण, संपल्यावर ‘एआर’. आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये देवनागरी नाही, तेव्हा मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहूनच पाठवायचा, आणि वर्णलेखन कसं करायचं हे जोडीदाराशी आधी ठरवून ठेवायचं.

समजा निवाऱ्याच्या प्रमुखाने येऊन सांगितलं, ‘अहो, आमच्याकडे बारा जण इन्सुलिनवर आहेत, उद्या सकाळपर्यंत पुरेल एवढंच आहे, पूल बंद झालाय, होडीने काहीतरी पाठवायला सांगा ना.’ हे तसंच्या तसं पाठवायचं नाही. ‘उद्या’ हा शब्द धोक्याचा, कारण संदेश मध्यरात्रीनंतर पोचला तर उद्या बदलतो. ‘काहीतरी’ म्हणजे काय, हेही विचारून घ्या. मग त्यांच्यासमोर लिहा:

‘१२ रुग्ण इन्सुलिनवर एक्स साठा १४ तारीख ०६०० पर्यंत एक्स पूल बंद एक्स इन्सुलिन होडीने पाठवा’

‘एक्स’ हा पूर्णविराम, आणि तोही शब्द म्हणून मोजायचा. एकूण सोळा शब्द. वाचून दाखवा, त्यांची सही घ्या, आणि सही झाल्यावर एक अक्षरही स्वतःच्या मनाने बदलू नका. मिनिटाला दहा शब्दांच्या वेगाने हा मजकूर दीड-पावणेदोन मिनिटांत जातो.

आता पलीकडची बाजू. घेणाऱ्याने मजकूर लिहिला, मोजला, आणि पंधराच शब्द भरले. कुठलातरी शब्द खरखरीत गेला. ‘साठा’नंतर त्याच्या कागदावर थेट ‘तारीख’ आहे. तो पूर्ण संदेश पुन्हा मागत नाही. तो विचारतो: प्रश्नचिन्ह, ‘डब्ल्यूए’, साठा. म्हणजे ‘साठा’नंतरचा शब्द द्या. पाठवणारा फक्त ‘साठा १४ तारीख’ एवढं देतो आणि थांबतो. असंच ‘डब्ल्यूबी’ म्हणजे आधीचा शब्द, ‘एए’ म्हणजे अमुकनंतरचं सगळं, ‘एबी’ म्हणजे अमुकआधीचं सगळं. शब्दसंख्या जुळली तरच ‘आर’ पाठवायचं. ‘आर’ म्हणजे सगळंच्या सगळं मिळालं. अंदाजाने भरलेला एकही शब्द कागदावर असेल तर ‘आर’ द्यायचा अधिकार नाही, असं मी मानतो. इन्सुलिनच्या जागी दुसरं औषध किंवा १२ च्या जागी २ गेले, तर संदेश न पोचलेला बरा.

स्पर्धांमध्ये वेळ वाचवायला नऊच्या जागी ‘एन’ आणि शून्याच्या जागी ‘टी’ पाठवतात. इथे ती काटछाट करू नका. पूर्ण आकडे पाठवा.

सेटमध्ये ब्रेक-इनची सोय असेल तर ती चालू ठेवा. दोन डिटांच्या मधल्या शांततेत रिसीव्हर उघडतो, आणि पलीकडच्याचा एक शब्द हुकला तर तो लगेच की दाबून तुम्हाला अडवू शकतो. बोलण्यात ही सोय नाही. माइकचं बटण सोडेपर्यंत तुम्हाला काही ऐकू येत नसतं.

पाचवी पायरी: नेटवरची शिस्त

नेट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेली केंद्रं. आपत्तीत बहुधा त्यातलं एक केंद्र नियंत्रण घेतं आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून चालतात. आधी ऐका, पाच मिनिटं तरी. फ्रिक्वेन्सी मोकळी वाटली तरी ‘क्यूआरएल’ आणि प्रश्नचिन्ह पाठवून विचारा. हजेरी देताना कॉलसाइन आणि ‘क्यूटीसी २’ एवढंच, म्हणजे माझ्याकडे दोन संदेश आहेत. काही नसेल तर ‘क्यूआरयू’. पुढे पोचवू शकत असाल तर ‘क्यूएसपी’. थांबायला सांगितलं की थांबा.

बोलण्याच्या आणीबाणी नेटसाठी आयएआरयू या हौशी रेडिओच्या जागतिक संघटनेने १४.३००, १८.१६० आणि २१.३६० मेगाहर्ट्‌झ या फ्रिक्वेन्सी जगभरासाठी सुचवल्या आहेत. कमी शक्तीचे मोर्सचालक ३.५६०, ७.०३० आणि १४.०६० च्या आसपास एकमेकांना शोधतात. कुठल्या भागात काय चालतं हे देशोदेशी बदलतं, तेव्हा आपला परवाना नीट वाचून ठेवा. नेटवर फिल्टर फार अरुंद ठेवू नका. घाबरलेला, नवखा चालक बरोबर तुमच्या सुरावर येईलच असं नाही. पाचशे हर्ट्‌झ ठेवा आणि गरज पडली तरच अडीचशेवर या.

‘एसओएस’ १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरलं आणि १ जुलै १९०८ पासून लागू झालं. त्यात अक्षरांमधली जागा सोडत नाहीत: डि-डि-डि-डाह-डाह-डाह-डि-डि-डिट, एका दमात. जीव धोक्यात असेल तेव्हाच ते पाठवायचं, सरावातसुद्धा हवेत सोडायचं नाही. तुम्हाला ऐकू आलं तर आधी वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहा, ऐकू येईल ते सगळं उतरवा, आणि दुसरं कोणी उत्तर देतंय का बघा. कोणी देत नसेल तर तुम्ही द्या आणि स्थानिक बचाव यंत्रणेला कळवा.

सहावी पायरी: नेमाचा सराव

जोडीदाराबरोबर आठवड्यातून एक वेळ बांधून घ्या. समजा ७.०३० च्या आसपास, आणि तिथे वीस मिनिटांत भेट झाली नाही तर ३.५६० वर. गप्पा मारायच्या असतील तर माराच, पण प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी एकेक औपचारिक संदेश जाऊ द्या, आकड्यांनी भरलेला. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. कुठली अक्षरं वारंवार चुकतात ते दोन-तीन भेटींत लक्षात येतं.

महिन्यातून एकदा घराबाहेर पडा. मेन्सची वीज वापरायची नाही, टेबल नाही, फक्त पिशवीत आहे तेवढंच. अंधारात डायपोल टाकून बघा. जूनमधल्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारा अमेरिकेतला फील्ड डे हा हौशी चालकांचा मैदानी सराव १९३३ पासून याच कामासाठी चालत आला आहे, आणि त्यात मोर्सच्या संपर्काला बोलण्याच्या दुप्पट गुण असतात. तुमच्या देशात तसलं काही असेल तर त्यात उतरा. नसेल तर चार चालक एकत्र आले की झालं: एकाने निवाऱ्याचा प्रमुख व्हायचं, एकाने पाठवायचं, तिसऱ्याने मधे राहून पुढे द्यायचं, चौथ्याने घ्यायचं. मधल्याला मूळ मजकूर आधी दाखवायचा नाही. शेवटी पहिल्याचा आणि चौथ्याचा कागद जुळतो का ते बघा. जुळला नाही तर बिघाड कोणत्या हाताशी झाला ते तिघांच्या कागदांवरून शोधा आणि तोच संदेश त्याच दिवशी पुन्हा पाठवा.